कुडपणच्या लढाईचा पहारेकरी

धाकूआबाने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो माझ्या बुटांकडे पाहत होता. कुडपणला जाताना जिथे जीप सोडून चढ चालावा लागे, त्या वळणावर तो एका दगडावर बसला होता. अंगात खाकी शर्ट, खाली गुडघ्यापर्यंतचं धोतर, डोक्याला कानटोपी आणि गळ्यात शिट्टी. माझ्या खांद्यावर कॅमेरा होता, काखेत त्याचा स्टँड होता. दुसऱ्या कुणीही आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं असतं.

“बूट म्हाडच्या बाजारातलं,” तो म्हणाला. “आन् मानूस म्हनं मुंबयच्या पिच्चरचा. पास हाय काय?”

“आबा, मी महाडचाच आहे. गावात जायला पास कसला लागतो?”

“म्हाडचा हायस ह्ये तू सांगतोस. पास काय सांगतो?”

पास नव्हता. मी तिथेच बसून राहिलो. शेवटी ज्यांच्यासाठी मी काम करणार होतो त्या मीनलताई वरून खाली आल्या आणि म्हणाल्या, हा आमचाच माणूस आहे. आबाने त्यांच्या चपलांकडे पाहिलं आणि विचारलं, “तुमचाच कशावरनं?” आम्हाला वर सोडलं खरं, पण गाव येईपर्यंत तो आमच्या मागे चालत राहिला. त्या वेळी त्याला पहाऱ्यावर कुणी नेमलंही नव्हतं.

आबाची उभी हयात मुंबईत एका गोदामाच्या दारावर गेली. कुडपणच्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी मुंबईला असतंच. कोणी कापडाच्या दुकानात, कोणी खानावळीत. आबाच्या वाट्याला पहारा आला. तिथून तो परत आला तो थोडी हिंदी, एक शिट्टी आणि जगातल्या यच्चयावत माणसांबद्दलचा संशय घेऊन. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आबा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. एसटीचं तिकीट तो दोन्ही बाजूंनी वाचायचा. पोलादपूरच्या डॉक्टरने गोळी दिली तर “ही तुमच्या घरात कोन खातो?” असं विचारायचा. कुणी चहा दिला तर पहिला घोट देणाऱ्याने घ्यायचा, अशी त्याची अटच होती. “चोर त्वांड झाकतो रे,” तो मला म्हणायचा, “चपला नाय झाकीत.” माझ्या बुटांवरून त्याने माझ्याविषयी काय ठरवलं होतं, ते मात्र त्याने मला कधी सांगितलं नाही.

सीमेवर लढाई होऊन गेली, त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. लढाईच्या सिनेमांना तेव्हा बरे दिवस आले होते. मुंबईच्या एका निर्मात्याला उत्तरेतल्या खऱ्या डोंगरांत जायला ना परवानगी मिळाली ना ते झेपलं, म्हणून कुणीतरी त्याला कुडपणचा माळ सुचवला. थंडी आहे, धुकं आहे, मागे डोंगरांच्या रांगा आहेत. राहता राहिला बर्फ, तो काय, करता येतो. हा सिनेमा कसा तयार होतो यावर एक माहितीपट करायला मीनलताई मुंबईहून आल्या होत्या, आणि त्यांना इथल्या वाटा ठाऊक असलेला कॅमेरावाला हवा होता. माझा महाडला छोटा स्टुडिओ. लग्नं, बारशी आणि दर मार्चला चवदार तळ्यावरची गर्दी, एवढंच माझं चित्रीकरणाचं जग. लढाई मी कधी टिपली नव्हती, म्हणून लगेच हो म्हटलं.

सिनेमाची वाहवा होईल असं काहीतरी करा, असं मीनलताईंना सांगण्यात आलं होतं. पण वाहवा करण्याजोगं काही घडेचना. जनरेटरची गाडी वळणावर अडकून बसली. नायकाचा घसा बसला म्हणून तो मुंबईला गेला, तो घसा बरा झाला तरी येईना. दिग्दर्शक आणि मॅनेजर एकमेकांशी तिसऱ्या माणसामार्फत बोलू लागले. मीनलताईंनी मग हेच टिपायला घेतलं. त्यामुळे युनिटला वाटायचं, ही बाई निर्मात्याची हेर आहे. गावाला वाटायचं, कॅमेऱ्याच्या नावाखाली हे लोक माळ मोजायला आलेत, उद्या वर हॉटेल उठणार. आबाला दोन्ही वाटायचं.

बर्फाचीच गोष्ट घ्या. बर्फ म्हणून पोत्यांनी मीठ आलं. वळणापर्यंत जीपने आणि पुढे डोक्यावरून खेपा करून ते वर नेलं आणि एका उतारावर पसरलं. लांबून दिसायला झकास दिसत होतं. दिग्दर्शक खूष झाला, सगळे जेवायला तंबूत गेले. परत येऊन पाहतात तो कुडपणची झाडून सारी गुरं त्या बर्फावर तुटून पडलेली. गाई, वासरं, म्हशी, सगळ्यांच्या जिभा सपासप चाललेल्या. हाकलावं तर एक हलेल तर शपथ. शत्रूची अख्खी चौकी गुरांनी चाटून साफ केली. मॅनेजर कपाळाला हात लावून ओरडला, “ये साज़िश है! गाववालों ने जानवर छोड़े हैं!” गुरांना मीठ आवडतं ही गोष्ट कारस्थानाशिवाय घडू शकते, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

आबाची तक्रार वेगळीच होती. तो मॅनेजरपुढे जाऊन उभा राहिला. “मीठ प्यालेली जमीन गवत देती काय? आमची गुरं उन्हाळ्यात काय तुमचा पिच्चर खातील?”

मॅनेजर म्हणाला, पावसात सगळं धुऊन जाईल.

“पाऊस तुमच्या पगारावर हाय काय?” आबा म्हणाला.

आणि त्याच माणसाला मॅनेजरने दुसऱ्या दिवशी सेटवर पहारेकरी नेमलं. गावातला सगळ्यांत भांडखोर माणूस आपल्या बाजूला घ्यावा, असा त्याचा हिशेब असणार. आधी दोनदा नको म्हणालेल्या आबाने या वेळी मुकाट्याने हो म्हटलं. गावाला आश्चर्य वाटलं, मला तर संशयच आला.

त्याने हो का म्हटलं ते मला पुढे कळलं, पण वाचकाला ते आत्ताच सांगून टाकतो. माळाच्या वर, कड्याखालच्या झाडीत आबाचा गोठा होता. त्या गोठ्यात त्याचा मुलगा लपला होता. सुरेश खऱ्या लष्करात जवान होता. त्या लढाईत तो होता. बोलता बोलता शेजारचा माणूस गेला, म्हणजे वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि माणूस गेला. सुरेश सुट्टीवर घरी आला आणि परत गेलाच नाही. सुट्टी संपली, तिच्यावर आणखी दिवस गेले. पलटणीच्या दृष्टीने तो आता पळून आलेला शिपाई होता आणि त्याला पकडायला पोलीस कधीही येऊ शकत होते. आपणहून हजर झाला तर शिक्षा होऊन निभावलं असतं; बेड्या घालून नेला असता तर नोकरीही गेली असती आणि डोंगरातल्या त्या गावात मान वर करायची सोयही. पण तो जाईना. तो बोलेना. नावाने हाक मारली तर ओ देईना. आबा म्हणूनच त्या वळणावर बसायचा. आणि खाली सिनेमावाले रोज बाँब उडवायला लागले, तेव्हा ते कधी उडणार हे आधी कळावं म्हणून त्याने त्यांचीच नोकरी धरली.

आम्ही वरच्या बाजूला फिरकायला लागलो की तो आडवा यायचा. “वर जायाचं नाय. म्हस व्यालीय. परक्याची नजर पडली का आटती.” व्यालेल्या म्हशीला परक्या माणसाने पाहू नये, हे आमच्या मुलखात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी मीनलताईंना समजावलं आणि आम्ही कॅमेरा फिरवला. आबा तेवढ्यावर थांबला नाही. आम्ही खरंच फिरलो की नाही, हे पाहत तो बराच वेळ उभा होता.

मला खरं सांगितलं ते आबाच्या बायकोने. काशीकाकी म्हणजे आबाच्या अगदी उलट. रस्त्याने जाणाऱ्याला भाकरी खाऊ घालणारी. दासगावला तिच्या भाचीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं, तेव्हापासून ती मला ओळखायची. माळावर मी कॅमेरा लावून स्फोटाची वाट पाहत होतो, तेव्हा ती गवताचा भारा घेऊन आली, भारा खाली ठेवला आणि जवळ सरकली.

“बाबा, ह्याच्यात लांबचं जवळ दिसतं ना रे?”

“दिसतं की.”

“मंग त्या गोट्याकडं लाव. माजा पोर हाय तितं. ह्ये मला वर जाऊ देत नायत. म्हंत्यात, तू गेलीस का गावाला कळल. मी त्याचं त्वांड बगितल्याला किती दिस झालं.”

मी कॅमेरा वळवला, झाडी जवळ आणली, आणि तिला डोळा लावायला दिला. ती पदर तोंडात धरून बघत राहिली. “दाढी वाढलीय,” एवढंच म्हणाली. तेवढ्यात खाली लाल निशाण हललं आणि बाँब उडाले. काकी दचकली, पण डोळा काढला नाही. मग हळूच बाजूला झाली आणि मला म्हणाली, “तू बग.” मी पाहिलं. गोठ्याच्या भिंतीशी सुरेश उकिडवा बसला होता आणि आबाने त्याचं डोकं छातीशी घेऊन त्याच्या दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. जगातल्या कुणावरही विश्वास न ठेवणारा तो म्हातारा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. मी कॅमेरा बंद केला.

दोन दिवसांत आबाला ते कळलंच. त्याने मला गाठलं, देवळात नेलं आणि देवापुढच्या नारळावर हात ठेवायला लावला. “कुनाला सांगनार नाय म्हन.” मी म्हटलं. “त्या बायला पन?” मीनलताईंनाही नाही, म्हटलं. तरी त्याचं समाधान झालं नाही. “देवाला बी समदी फशिवत्यात,” तो म्हणाला आणि त्या दिवसापासून माझ्यावर त्याची जास्तच नजर राहू लागली.

इकडे लढाई रंगात आली होती. मुंबईहून आणलेले फौजी कमी पडले म्हणून गावातले तरुण शत्रूचे सैनिक झाले. गणवेश चढवायला सगळे तयार होते, मरायला कुणी तयार नव्हतं. शेवटी गावकीत बैठक झाली आणि दोन अटी ठरल्या. एक, मेल्याचं सोंग घेताना दक्षिणेकडे पाय करून पडायचं नाही, कारण तसं खरं मेलेल्याला ठेवतात. दुसरी, दिवसभर जे मेले त्यांना संध्याकाळी माळाच्या कडेला उभं करून कुणीतरी नावाने हाक मारायची. त्याने ओ दिली म्हणजे तो जिवंत, मग त्याने गावाची शीव ओलांडायची. हाक मारायचं काम आबाकडे आलं. त्याच्याइतका बारकाईने माणसं मोजणारा गावात दुसरा नव्हता.

पहिल्या अटीने दिग्दर्शकाच्या नाकी नऊ आणले. चढाईचा प्रसंग. आपले जवान गोळ्या झाडतात, शत्रू उतारावरून धावत येतो. गोळी लागली की प्रत्येक शत्रू क्षणभर थांबायचा, डोंगराकडे पाहून दिशा ठरवायचा, अंग वळवायचा आणि मग बेताने मरायचा. सगळी प्रेतं पूर्वेला डोकं करून रांगेत, पंगतीला बसल्यासारखी. दिग्दर्शकाने टोपी फेकली. “मरते टाइम कोई दिशा देखता है?” त्यावर एक प्रेत पडल्या पडल्याच म्हणालं, “सायेब, आमी देकतो.”

संध्याकाळची हाक मात्र ऐकण्यासारखी असायची. युनिट जीपमधून पोलादपूरच्या लॉजवर निघून गेलेलं असे. धुकं वर चढत असे. आबा कडेला उभा राहून एकेक नाव घ्यायचा, पुढून “ओ” यायची, आणि एकेक जण गणवेशाचा सदरा खांद्यावर टाकून घराकडे सुटायचा. मीनलताईंना ते फार आवडलं. त्या मला रोज ते टिपायला लावायच्या. त्या म्हणायच्या, खाली चाललाय तो सिनेमा गेला खड्ड्यात, माझी फिल्म ही आहे.

सेटवरच्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या आणि मग सगळंच बिघडलं. घोंगड्या गेल्या, बूट गेले, एक गणवेश गेला. मॅनेजरने विचार केला, स्फोट होतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडे असतं, आणि नेमका त्याच वेळी आपला पहारेकरी जागेवर नसतो. भाकऱ्यांचं फडकं घेऊन तो वर जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. गणित बरोबर होतं, उत्तर चुकलेलं होतं. (त्या घोंगड्या नंतर युनिटच्याच ट्रकमध्ये मिठाच्या पोत्यांखाली सापडल्या. माफी कुणी मागितली नाही.) एका दुपारी त्याने सगळ्यांदेखत सांगितलं की पोलिसांत तक्रार दिली आहे, उद्या सकाळी पोलीस येतील आणि घरं, गोठे, सगळं तपासतील. आबाकडे बघत तो म्हणाला, “ऊपरवाला गोठा पहले.”

आबाचा चेहरा राखेसारखा झाला. जीपा खाली गेल्यावर तो थेट माझ्यापाशी आला.

“तू सांगितलंस.”

“आबा, देवाची शपथ घेतली होती मी.”

“तीच तर म्हंतो. देवाला बी फशिवलंस.” तो खाली बसला आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. “आता त्याला कुटं नेऊ रे? समदीकडं मानसं हायती. लपवून लपवून मीच त्याला चोर क्येला. उद्या बेड्या घालतील त्याला. आपल्या पायांनी ग्येला असता तर…” मी त्याच्या शेजारी बसून राहिलो, आणि पहिल्यांदाच तो मला ‘जा’ म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी हाकेची वेळ झाली. मी कॅमेरा लावला होता, मीनलताई बाजूला होत्या. आबाने नेहमीसारखी नावं घेतली. नेहमीसारख्या ओ आल्या. शेवटचा माणूसही सुटला. पण आबा जागचा हलला नाही. त्याने तोंड गावाकडून फिरवलं, वर झाडीकडे केलं, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पोटातून हाक मारली, “सुरेऽऽश!”

घराकडे निघालेली माणसं थबकली. वरून काही आलं नाही.

“सुरेऽऽश! घराकडं चल रे बाबा!”

काही नाही. धुक्यात गोठासुद्धा दिसत नव्हता. काशीकाकी उंबऱ्यातून धावत आली आणि नवऱ्याशेजारी उभी राहिली. आबाचा आवाज तिसऱ्या हाकेला फाटला. ती हाक होती की रडणं होतं, मला सांगता येणार नाही. बऱ्याच वेळाने वरून, अगदी बारीक, लहान मुलाने द्यावी तशी ओ आली.

तो खाली उतरला. दाढी वाढलेली, अंगावर घोंगडी. आबाने त्याचा हात घट्ट धरला आणि गावाकडे तोंड करून उभा राहिला, आता मारा काय ते दगड, अशा आविर्भावात. मग दिवसभर शत्रू म्हणून मेलेला शेजारचा बाळू पुढे आला.

“आबा, आमास्नी ठाव होतं रे.”

“काय ठाव होतं?”

“म्हस काय वरीसभर व्याती काय?”

एक म्हातारी म्हणाली, “मी गोट्याच्या दगडावर दूद ठेवत व्हते, त्ये काय मांजर पीत व्हतं?” साऱ्या गावाला माहीत होतं. पोलादपूरच्या बाजारात, एसटीत, मुंबईच्या चाळींतल्या खोल्यांत, कुठेही एका तोंडातून अवाक्षर फुटलं नव्हतं. ज्या माणसांपासून लपवायला आबाने रात्रीची झोप घालवली, तीच माणसं त्याचं गुपित त्याच्यापासून लपवून सांभाळत होती. आबा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

मग त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. तो चालू होता. आबा सरळ मीनलताईंपुढे आला. “त्यातली टेप द्या.”

मीनलताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बाई हाडाच्या फिल्मवाल्या. “आबा, इतक्या दिवसांत इथे घडलेली ही एकच खरी गोष्ट आहे.”

“खरी हाय म्हनूनच द्या.”

मीनलताईंनी स्वतःच्या हाताने कॅसेट काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. आबाने ती उलटसुलट करून पाहिली. “हीच कशावरनं?” मी ती पुन्हा घातली आणि त्याला कॅमेऱ्यात दाखवली. स्वतःचा हाक मारतानाचा चेहरा पाहून तो मागे सरकला. “येवड्याशा डबीत मावला काय माजा पोरगा?” असं म्हणून त्याने ती काकीला दिली, आणि काकीने ती घरी नेऊन चुलीत घातली. प्लॅस्टिकचा घाण वास सगळ्या घरभर झाला.

पोलीस यायच्या आत, पहाटेच दाढी करून, ट्रंकेतला आपला गणवेश घालून सुरेश निघाला. मी त्याला आणि आबाला घेऊन महाडला आलो. स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा आबा म्हणाला, “मी येतो संगती. पलटनीच्या फाटकापावतर.”

“नको, आबा,” सुरेश म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. “तुमी आलाव तर त्ये म्हनतील, बापानं धरून आनला. मला माजा जाऊ द्या.”

आबा खिडकीचा गज धरून उभा होता. गाडी सुटली तेव्हा त्याला तो सोडावा लागला. नंतर माझ्या स्टुडिओत येऊन तो चहा समोर ठेवून बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “दासगाव आलं आसंल. तितं गाडी थांबती. उतरला आसंल काय रे?” मी म्हटलं, नाही उतरणार. “तुला काय ठाव,” तो म्हणाला. चहा तसाच निवून गेला. कुडपणला तेव्हा फोन नव्हता, म्हणून सुरेशला माझ्या स्टुडिओचा नंबर दिला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. पोलीस आले, त्यांना गोठ्यात खरोखरच एक म्हैस सापडली. सिनेमा अर्धवट राहिला आणि कुठेच लागला नाही. मीनलताईंचा माहितीपट मात्र पुरा झाला, मी तो मुंबईला एका लहानशा सभागृहात पाहिला. त्यात आबा एकदाच दिसतो, वळणावर पास मागताना, आणि लोक पोट धरून हसतात. सुरेशला शिक्षा झाली, ती भोगून त्याने नोकरी पुरी केली. आबा पुढे एका पावसाळ्यात गेला. मी त्याच्याकडे शेवटचा गेलो होतो तेव्हाही मी ओतून दिलेल्या चहाचा पहिला घोट त्याने मलाच घ्यायला लावला होता.

पण मला आबा आठवतो तो निराळाच. सुरेश गेल्यावर कित्येक दिवस फोन आला नव्हता. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप पाठवायचा आणि मी उलट ‘अजून नाही’ असा निरोप द्यायचो. मग एका दुपारी फोन वाजला. “सुरेश बोलतोय. पोचलो, हजर झालो. शिक्षा हाय, पन पलटनीत परत घेतलं. आबांना सांगा.” मी स्टुडिओ बंद केला आणि मिळेल त्या गाडीने निघालो.

आबा माळावर होता. युनिट कधीच गेलं होतं. तो मिठाने कडक झालेली माती खुरप्याने खरवडून टोपलीत भरत होता, पुढच्या वर्षीच्या गवतासाठी. मला पाहून तो उभा राहिला. मी धापा टाकत सांगितलं. आता उलटतपासणी सुरू होणार म्हणून मी तयारीतच होतो. आवाज त्याचाच होता काय, फोन कुठून आला, मागे कोण बोलत होतं, सगळ्याची उत्तरं मी वाटेत जुळवून ठेवली होती. आबाने त्यातलं काहीएक विचारलं नाही. तो घराकडे वळला आणि ओरडला, “अगोऽऽ! पोरगा पोचला गोऽऽ!”

काकी ओटीवर आली. एवढी वर्षं त्याच्याबरोबर संसार केलेली बाई ती. तिने तिथूनच विचारलं, “कशावरनं म्हन्ताव?”

“ह्यो सांगतोय म्हनून!” आबा म्हणाला, आणि खुरपं टाकून त्या खारट जमिनीवर बसून ढसाढसा रडायला लागला.